श्वान प्रतिबंधक समितीचा फळा

आमच्या कॉलनीत घरं अठरा आणि लाल पाण्याच्या बाटल्या एकावन्न. गावाचं नाव सांगत न्हाई. अंबडहून तीर्थपुरीकडं जाताना लागतं, एवढंच लिहितो. माझी जी काही अब्रू उरली आहे ती पाव्हण्यारावळ्यांत तरी शाबूत राहावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मला कुत्रं चावलेलं न्हाई. लोक काहीही सांगतेत. मी सकाळी फिरून येत होतो, खारी नावाची कुत्री माझ्यावर भुंकली आणि मी स्वेच्छेनं नालीत उतरलो. आता नालीत उतरताना माणूस पाय वर करून उतरत न्हाई, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावरून दूधवाल्यासकट नऊ जणांनी हसायचं कारण नव्हतं, अन् त्या नवात माझी बायको कौसल्या असायचं तर बिलकुल कारण नव्हतं. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात लिपिक होतो मी. इंजिनियर लोक माझ्या टेबलासमोर फाईल धरून उभे राह्यचे. त्या माणसाच्या पायजम्याला नालीतलं शेवाळ लागलेलं सगळ्या कॉलनीनं पाह्यलं.

त्याच दुपारी मी समिती स्थापन केली. उद्देशाच्या रकान्यात 'लहान मुलांची सुरक्षितता' असं लिहिलं, कारण 'अप्पारावांची नाली' असं काही लिहिता येत न्हाई. पण लहान मुलं होतीच की. आमच्याच घरात एक होतं. माझा मुलगा भारत अन् सून दैवशाला पुण्याला कंपनीत आहेत, दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, म्हणून सात वर्षांची तृप्ती आमच्याकडं ठेवलेली. दुसरीत आहे. भारत जाताना बस स्टँडवर म्हणाला होता, "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून चाललो." मी म्हणालो होतो, "फिकीर करू नको."

खारी हे नाव पोरांनी ठेवलेलं. बेकरीच्या पायरीवर पडलेली खारी खाऊन ती वाढली. रंगही तसाच. तिनं मार्गशीर्षात आमच्या कॉलनीतल्या सर्जेरावांच्या विटांच्या थप्पीमागं चार पिल्लं घातली, अन् तेव्हापासून ती थप्पीजवळून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकू लागली. हे जे 'तेव्हापासून' आहे ते मी आज लिहून राह्यलो. त्या वेळी माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझा असा समज होता की ती माझ्यावरच भुंकते.

पहिली बैठक मारुतीच्या ओट्यावर झाली. बाटल्यांत कुंकवाचं पाणी भरायचं का निळीचं, यावर सव्वा तास गेला. समोरच्या घरातल्या सगुणाबाई नीळ म्हणत होत्या. सर्जेराव कुंकू म्हणत होते. त्यांच्या साडूच्या दारात लाल बाटली टांगल्यापासून कुत्रं फिरकलं न्हाई, असा त्यांचा दाखला. साडू तिसऱ्या मजल्यावर राह्यतो, हे आम्हाला पुढं कळलं. माझ्या शेजारचे सिराजोद्दीन, म्हणजे आमचे सिराजभाई, जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून तीस वर्षं होते. ते म्हणाले, "अप्पाराव, सुनो. कुत्र्याला लाल रंग नीट दिसतच न्हाई. ती पिल्लांवाली आहे. पोरांना सांगा, महिनाभर तिच्या पिल्लांना हात लावू नका, तिच्यासमोर पळू नका. बस. खतम."

एवढ्या सोप्या उपायासाठी समिती कोण स्थापन करतं? मी त्यांची सूचना 'विचाराधीन' अशी नोंदवली अन् लाल पाण्याचा ठराव मंजूर केला.

बाटल्यांनी वेगळाच घोळ घातला. कोणाच्या दारात कसल्या बाटल्या टांगल्या त्यावरून घरोघरची गुपितं बाहेर पडली. माळकरी म्हणून नावाजलेल्या एका गृहस्थांकडून एका दिवसात सहा बाटल्या जमा झाल्या, सगळ्या एकाच आकाराच्या, अन् त्यांच्या घरी दोन दिवस चूल थंड राह्यली. आणि खारी? ती आमच्या फाटकाच्या बाटलीला पाठ घासून राह्यली होती. खाज सुटली की दुसरीकडं न जाता बराबर आमच्याकडं यायची.

मंग मी ग्रामपंचायतीकडं अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाले, कुत्र्याच्या मालकाचं नाव लिहा. मी म्हणालो, मालक असता तर मी मालकाशी भांडलो असतो. ते म्हणाले, मंग बेवारस मालमत्तेच्या नमुन्यात अर्ज करा. त्या नमुन्यात मालमत्तेची लांबी-रुंदी अन् चतु:सीमा लिहायची असते. मी तीही लिहिली. पूर्वेस विटा, पश्चिमेस नाली. अर्ज परत आला, कारण मालमत्ता जागेवर आढळली न्हाई. त्या वेळी ती आमच्या फाटकाला पाठ घासत असणार.

असा सगळीकडून अपमान झाला की माणूस हाताशी असेल ते हत्यार उचलतो. माझ्या हाताशी खडू होता. मारुतीच्या ओट्यावर सुविचाराचा जुना फळा आहे, तो मी समितीच्या ताब्यात घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, हे खात्यातले लोक अजून सांगतेत. वर ठळक लिहिलं, 'श्वान प्रतिबंधक समिती'. त्याखाली, 'प्रथमोपचार : कुत्रे चावल्यास जखमेत लाल तिखट भरावे.' हा सगुणाबाईंचा उपाय. त्यांच्या माहेरी म्हणे सगळ्यांना असंच बरं केलं. सिराजभाई बैठकीत उठून उभे राह्यले. "तिखट न्हाई, चुना न्हाई, हळद न्हाई. वाहतं पाणी अन् साबण, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मंग लगेच दवाखाना. हे लिहा फळ्यावर." मी म्हणालो, "सिराजभाई, हा विषय आजच्या विषयपत्रिकेत न्हाई. पुढच्या बैठकीत घेऊ." ते बसले. तो माणूस कधी दोनदा बोलत न्हाई.

अन् फळ्याच्या तळाशी मी एक चौकट आखली. 'कुत्र्यांना भाकरी टाकणाऱ्यांची नावे.'

चौकटीत पहिलंच नाव आमच्या घरातलं लिहावं लागलं. कौसल्याचा नियम असा की पहिली भाकरी गायीची अन् शेवटची कुत्र्याची. तिच्या आईनं केलं, सासूनं केलं. मी तिला ठराव वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमचा ठराव माझ्या परातीत आणू नका." मी फळ्यावर नाव लिहिलं. हुद्द्याचा विचार न करता कारवाई केली, याचा मला चार दिवस अभिमान वाटला. त्या चार दिवसांत ती माझ्याशी बोलली न्हाई, पण शेवटची भाकरी टाकणं तिनं बंद केलं. लोकांनी आमच्या घराकडं बोट दाखवलं ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

तृप्तीला नुकतं जोडाक्षरं वाचता यायला लागलं होतं. रोज संध्याकाळी मी तिला ओट्यावर न्यायचो अन् ती फळा मोठ्यानं वाचायची. 'प्र-थ-मो-प-चा-र.' 'ज-ख-मे-त.' आजीचं नाव आलं की आवाज बारीक करायची. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, लहान पोरांचं नाव पण लिवतेत का?" मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." किती समाधानानं म्हणालो मी ते.

रविवारी समितीनं निर्णायक पाऊल उचललं. सर्जेरावांचा छोटा हत्ती टेम्पो काढला, खारीला पोत्यात घातलं, पिल्लं टोपलीत. सिराजभाई फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "अप्पाराव, जागेवरून हलवणं कायद्यात बसत न्हाई. अन् ती गेली तर दुसरी येईल." मी त्यांना नोंदवही दाखवली. जावक क्रमांक चौदा : कुत्री एक, पिल्ले चार. गोदाकाठच्या एका उसाच्या फडाजवळ आम्ही त्यांना उतरवलं. येताना सर्जेराव आरशात बघत होते. "अजून मागं पळून राह्यली," ते म्हणाले. मी म्हणालो, "जरा जोरात घ्या."

घरी आलो तर तृप्ती दाराआड रडत होती. कुत्रीसाठी रडते असं वाटलं. मी तिला समजावलं की हे लहान मुलांसाठीच केलं. तिनं एवढंच विचारलं, "आता ती परत येणारच न्हाई का?" मी म्हणालो, "बिलकुल न्हाई." तिनं मान हलवली.

मंगळवारी संक्रांत होती. दुपारी ऊन चांगलं तापलं होतं, तरी पोरगी स्वेटर काढेना. सगुणाबाई, सर्जेराव असे लोक तिळगूळ घ्यायला आले होते. तृप्तीनं सगुणाबाईंपुढं डावा हात केला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "डाव्या हातानं तिळगूळ घेत असतेत का? हेच शिकवलं का आम्ही?" तिनं हात मागं घेतला. उजवा पुढं केला न्हाई. मी आवाज चढवला. ती भिंतीला टेकून उभी राह्यली अन् तिची हनुवटी थरथरायला लागली, तरी रडली न्हाई.

सिराजभाई तेव्हा पायरी चढून येत होते. त्यांनी हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला अन् तिच्यापुढं उकिडवे बसले. "बेटा, हात दाखव. मी जनावरांचा डॉक्टर आहे, मी कोणाला रागवत न्हाई." त्यांनी हळूच बाही वर केली अन् आत गुंडाळलेला रुमाल सोडला.

मनगटाच्या वर दोन दात खोल गेलेले होते. हात सुजलेला. अन् त्या भोकांत लाल तिखट भरलेलं होतं, वाळून खपली धरलेलं. रुमाल माझा होता.

शनिवारी चावलं होतं. अर्धी शाळा होती. आजी भाकरी टाकत न्हाई म्हणून पोरगीनं स्वतःच्या ताटातली शेवटची भाकरी दप्तरात लपवली अन् विटांमागं नेली. एका पिल्लाला खाता येईना, म्हणून तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. खारीनं बाहेरून येऊन पाह्यलं की आपलं लेकरू कोणीतरी उचललंय. एवढीच गोष्ट. मंग पोरगी घरी आली, सैपाकघरात डब्यापर्यंत हात पुरेना म्हणून पाट घेतला, तिखटाचा डबा काढला, अन् फळ्यावर लिहिलं होतं तसं बराबर केलं. कोणाला सांगितलं न्हाई, कारण फळ्यावर त्याखालीही काही लिहिलेलं होतं.

सिराजभाईंनी तिला उचलून नळापाशी नेलं. साबण लावायचे, पाणी सोडायचे, परत साबण. मला म्हणाले, "घड्याळ बघा, पंधरा मिनिटं." मी घड्याळ बघत उभा राह्यलो. तिखट पाण्याबरोबर लाल होऊन मोरीत जात होतं. आता मात्र ती मोठ्यानं रडत होती, सिराजभाईंच्या खांद्यात तोंड खुपसून. मी हात पुढं केला तर तिनं त्यांची मान अजून घट्ट धरली. माझ्या आयुष्यात पंधरा मिनिटं एवढी लांब कधी झाली न्हाईत.

तालुक्याच्या दवाखान्यात सणाचा दिवस असून पहिली सुई जल्दी मिळाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "जखमेला काय लावलं?"

"तिखट," तृप्ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"फळ्यावर लिवलंय."

"आणि फळा कोण लिहितं?"

तृप्ती माझ्याकडं बघून गप्प बसली. त्या पोरीनं मला तिथंही वाचवलं. मी म्हणालो, "मीच." डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, अन् त्यांचं अक्षर फार वाईट होतं. म्हणाल्या, "तीन दिवस गेलेत. दात खोल गेलेत, त्यामुळं सुईबरोबर जखमेत सिरम द्यावं लागेल, ते जालन्याला मिळेल, आत्ताच निघा. अन् कुत्री कुठं आहे? चावल्यापासून दहा दिवस तिच्यावर नजर ठेवा. ती धड राह्यली तर आपल्याला थोडा धीर येईल."

उत्तर माझ्याच नोंदवहीत होतं. कुत्री जावक होती.

जालन्याला ते सिरम जखमेतच टोचतेत. मला बाहेर थांबायला सांगितलं. आतून तिचा आवाज येत होता अन् ती आजीला हाका मारत होती, मला न्हाई. बाकावर बसून मी भारतला फोन लावला. सगळं सांगितलं, फळ्यासकट.  मंग तो म्हणाला, "बाबा, मी तिला तुमच्या भरवशावर ठेवली होती." अन् फोन दैवशालाकडं दिला. तिनं फक्त सुयांच्या तारखा विचारल्या. तिला मी काहीतरी समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, "तारखा सांगा, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी अन् सर्जेराव परत त्या उसाच्या फडापाशी गेलो. माझ्या पिशवीत बेकरीतली अर्धा किलो खारी होती. ज्या कुत्रीला हाकलायला मी नमुना भरला होता तिचं नाव घेऊन मी बांधाबांधानं हाका मारत फिरलो. "खारी, ये, खारी." साठीचा माणूस, डोक्याला मफलर, हातात खारी. ऊसतोड्यांची पोरं मागं मागं हसत फिरू लागली. मी त्यांना हसू दिलं. हसायलाच पाह्यजे होतं कोणीतरी.

ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोपीतून एक बाई बाहेर आली. म्हणाली, "ती पिवळी का? तुमीच सोडल्ती का तिला?" मंग तिनं सांगितलं. खारी दोन दिवस पिल्लांपाशी यायची अन् परत रस्त्यावर जाऊन बसायची, आमच्या गावाकडं तोंड करून. सोमवारी दिवस मावळताना उसाच्या ट्रॅक्टरखाली आली. "बांधाला पुरलं आमी तिला," बाई म्हणाली.

म्हणजे नजर ठेवायला काही उरलं नव्हतं. ती धड होती का न्हाई, हे आता कधीच कळणार नव्हतं.

कोपीच्या दारात दोन पिल्लं होती. बाकीची दोन दुसऱ्या टोळीनं नेलेली. मी म्हणालो, "बाई, ही पिल्लं मला परत देता का? सांभाळीन." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "न्हाई सायेब. तुमी फेकता," ती म्हणाली अन् पिल्लं आत घेतली. मी पिशवीतली खारी पोरांना वाटून टाकली.

डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग कुत्री आजारी होती असं धरून चालायचं. एकही सुई चुकवू नका. सगळ्या वेळेवर दिल्या तर घाबरू नका." चार खेपा होत्या, शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. घाबरू नका हे सांगायला सोपं आहे. कोणीतरी मला सांगितलं होतं की रेबीज झालेलं माणूस पाण्याला भितं. मी रोज सकाळी तृप्तीसमोर फुलपात्र धरून बसू लागलो. ती पाणी प्यायची अन् मी नोंदवहीत लिहायचो : सकाळी सात, एक फुलपात्र, विनातक्रार. नऊ वाजता परत. अकरा वाजता परत. एकदा तिला ठसका लागला तर मी मोरीच्या कडेला बसलो. आठव्या दिवशी ती कौसल्याला म्हणाली, "आजी, आजोबांना सांग ना, माझं पोट फुटंल." कौसल्यानं माझ्या हातातून नोंदवही घेतली. मला वाटलं फेकून देईल. तिनं ती नीट कपाटात ठेवली अन् माझ्याजवळ येऊन बसली. 

बाटल्या मी एकट्यानं उतरवल्या. एकावन्नच्या एकावन्न. सर्जेराव म्हणाले, राहू द्या, दिसायला बरं दिसतं. मी उतरवल्या. फळा पुसला. ओल्या फडक्यानं तीनदा पुसला तरी त्या चौकटीच्या रेघा दिसतच होत्या. मंग सिराजभाईंना बोलावून ते सांगतील तसं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. 'पिल्लांवाल्या कुत्रीजवळ जाऊ नये. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे.' शेवटी मी माझ्या मनानं एक ओळ घातली. 'लहान मुलांनी लगेच घरी सांगावे. कोणीही रागावणार नाही.' खाली सवयीनं 'आदेशावरून' असं लिहून गेलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई झाली. पोरगी बिलकुल धड होती. दंडावर कापूस दाबून धरत म्हणाली, "झालं का आता सगळं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं." दैवशाला आदल्या दिवशीच पुण्याहून आल्ती, तृप्तीची बॅग भरायला. वर्षाच्या मधेच शाळा बदलून घेऊन जाणार होती. मी नको म्हणालो न्हाई. कोणत्या तोंडानं म्हणायचं?

निघायच्या संध्याकाळी मी तृप्तीला ओट्यावर नेलं. तिनं फळा वाचला. आता ती अडखळत नव्हती. शेवटच्या ओळीपाशी थांबली अन् ती ओळ दोनदा वाचली.

"आजोबा, हे कोणाला लिवलंय?"

"तुला," मी म्हणालो.

"मंग फळ्यावर कामून लिवलं? मला सांगायचं ना."

मी ओट्यावर खाली बसलो. माझा गुडघा दुखतो, तरी बसलो, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असा. तिला सांगितलं की मी रागावणार न्हाई. काहीही झालं, काहीही फुटलं, कोणीही चावलं, तरी रागावणार न्हाई.  ती माझ्याकडं बघत राह्यली, सगुणाबाई भाजी घेताना बघतेत तशी. मंग बाजूला बसली अन् स्वेटरच्या बाहीवरून मनगटाला हात लावला.

"आजोबा," ती म्हणाली, "ते तिखट लई झोंबलं होतं."

"किती वेळ गं?"

"तुम्ही टीव्हीवर बातम्या बघत होते ना, तवर. मंग तुम्ही जेवायला हाक मारली, मंग मी तोंड धुऊन आले."